हेडलाईटचा उजेड कुठं हरवला? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात सहज लिहिलं होतं की रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे मेसेज आले की निम्मे बाजूला ठेवावे लागले. त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, कुठला बल्ब टाकू? सव्वीस वर्षं सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय, त्या जोरावर सांगतो, बल्ब हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. गाडी नवीन असताना तिला जो उजेड होता त्यातला किती आणि कुठं गेला हे आधी शोधा, मग खिशात हात घाला. याच बेतानं खालची उत्तरं वाचा.

प्रश्न : काका, माझी २०१२ ची वॅगनआर आहे. कराडहून चिपळूणला महिन्यातनं दोन-तीन खेपा होतात आणि कुंभार्ली घाटात रात्री डिपरवर अक्षरशः काही दिसत नाही, समोरून गाडी आली की तर रस्त्याची कडाच गायब. एक दुकानदार म्हणतो नव्वद-शंभरचे बल्ब टाका, तीनशे रुपयांत काम होईल, दुसरा म्हणतो एलईडी टाका. काय करू? — वाचक, कराड

उत्तर : दोन्ही नको. का ते सांगतो, जरा लांबेल पण नीट वाचा.

तुमच्या गाडीत एच-फोर हॅलोजन बल्ब येतो, एका बल्बात दोन फिलामेंट, म्हणजे पेटणाऱ्या बारीक तारा, अप्पर (लांबचा झोत) ६० वॅटचं आणि डिपर (खाली रस्त्यावर पडणारा झोत) ५५ वॅटचं. नव्वद-शंभरचा बल्ब म्हणजे त्याच होल्डरमध्ये, त्याच वायरीवर दीडपटीहून जास्त भार. ६० वॅटला साधारण ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला आठच्या वर, आणि जोडावर जी उष्णता तयार होते ती करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे कपलरच्या, बल्बच्या मागं लागणाऱ्या वायरीच्या जोडाच्या, पिनेवर पावणेतीन पट ताप. मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. २००३ साली माझ्या स्वतःच्या व्हॅनला मीच हे बल्ब टाकले होते, पहिले पंधरा दिवस खूष होतो, मग रत्नागिरीला जाताना आंबा घाटात आधी प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि एका वळणावर दोन्ही हेडलाईट एकदम गेल्या. मागं बायको, मांडीवर पोरगी. पार्किंग लाईटवर, एका ट्रकच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून साखरप्यापर्यंत आलो. सकाळी कपलर काढून बघितला तर पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, आतली पितळी पट्टी तापून तापून ढिली पडलेली, तिच्यात पकडच राहिली नव्हती, आणि कपलरपासून चार बोटं वायरीचं कव्हर एवढं कडक झालेलं की वाकवल्यावर वाळक्या काटकीसारखं तडकलं. तेव्हापासून कुणी कितीही मागितला तरी मी तो बल्ब कुणाच्या गाडीत बसवलेला नाही. शिवाय तो रस्त्यावर चालवायला कायदेशीर पण नाही.

आता तुमचा उजेड गेला कुठं ते बघू. तीन ठिकाणं आहेत, डूमची (बल्ब ज्यात बसतो त्या हेडलाईटच्या घराची) काच, वायरिंगमधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे बॅटरी ते बल्ब वाटेत कमी होणारे व्होल्ट, आणि फोकस, म्हणजे झोताची दिशा. काच आणि फोकसबद्दल खाली वेगळी उत्तरं दिलीत, इथं व्होल्टेजचं सांगतो कारण ते कुणी बघतच नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, चारशे-पाचशे रुपयांत मिळतो. इंजिन चालू करा, हेडलाईट लावा. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर रीडिंग घ्या, चौदाच्या आसपास यायला पाहिजे. आता बल्ब कपलरला लावलेलाच राहू दे, काढायचा नाही, आणि कपलरच्या मागच्या बाजूनं, जिथं वायर आत शिरते तिथं, मीटरच्या सुया घालून बल्बला प्रत्यक्ष किती व्होल्ट मिळतात ते मोजा. बल्ब काढून मोजलात तर रीडिंग छान दिसेल आणि फसाल, कारण करंट वाहतच नसेल तर ड्रॉप दिसणार कसा.

दहा-बारा वर्षांच्या गाडीत बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२ असं मी कितीतरी वेळा बघितलंय. दोनच व्होल्ट गेले ना, असं वाटेल. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्यापेक्षा खूप झपाट्यानं पडतो, साधारण ३.४ व्या घातानं. हिशोब करून बघा, १४ चे १२ झाले की शंभरातले चाळीस गेले. म्हणजे तुम्ही चांगल्या बल्बचे पैसे भरलेत आणि साठ टक्केच उजेड वापरताय, तो पण पिवळसर. उलट ते दोन व्होल्ट परत मिळवले तर तोच बल्ब तुम्हाला नवीन वाटेल.

अर्धा व्होल्टपर्यंत ड्रॉप असेल तर सोडून द्या. त्याच्या वर असेल तर आधी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनसची वायर, बघा. हेडलाईटची अर्थ वायर बॉडीला एका बोल्टनं लावलेली असते, तो बोल्ट काढा, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत करा, वायरीचं टोक पण घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा म्हणजे परत गंजणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या गाड्या इथंच सुधारतात. बॅटरीची टर्मिनल पण तशीच साफ करा. एवढ्यानं भागलं नाही तर रिले, त्याचं पुढच्या उत्तरात बघा.

हे सगळं झाल्यावर ६०/५५ चेच चांगल्या कंपनीचे दोन नवीन बल्ब घ्या. खोक्यावर १०० टक्के जास्त, १३० टक्के जास्त असं लिहिलेलं असतं, ते कायद्यानं ठरवलेल्या कमीत कमी मापाच्या तुलनेत आणि रस्त्यावरच्या ठराविक पट्ट्यापुरतं असतं, तुमच्या जुन्या बल्बच्या तुलनेत नाही. फरक खरंच दिसतो पण दुपटीची अपेक्षा ठेवू नका, आणि त्यांचं फिलामेंट जास्त तापत असल्यामुळं ते साध्यापेक्षा लवकर जातात. निळ्या काचेचे बल्ब मात्र अजिबात घेऊ नका, ती निळी काच उजेड अडवते, वाढवत नाही.

प्रश्न : दादा, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोल्डरिंग वगैरे येतं. घरच्या जुन्या गाडीला हेडलाईटचा रिले मीच बसवला तर चालेल का? कसा बसवायचा? — वाचक, इचलकरंजी

उत्तर : चालेल की, बसव. पण गाडी वॉरंटीत असेल किंवा लाईट कॉम्प्युटरवरून, म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूलवरून चालत असतील तर हात लावू नकोस. जुनी साधी गाडी असेल तर हे शिकायला फार चांगलं काम आहे.

रिले करतो काय ते आधी डोक्यात पक्कं कर. आत्ता बल्बचा सगळा करंट बॅटरीतनं निघून फ्यूज, मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, मग परत पुढं असा लांबचा प्रवास करतो, बारीक वायरीतनं आणि दहा जोडांतनं. रिले लावला की स्विचनं फक्त रिलेची कॉईल ओढायची, त्याला किरकोळ करंट लागतो, आणि बल्बचा करंट बॅटरीवरून जाड वायरीनं सरळ बल्बला. स्विचचं आयुष्य पण वाढतं.

डिपरला एक रिले, अप्परला एक. रिलेच्या खाली आकडे असतात, ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्ब, ८५ आणि ८६ ही कॉईल. बॅटरी ते ३० आणि ८७ ते बल्ब ही वायर अडीच स्क्वेअर एमएमची वापर. दोन ५५ चे बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, प्रत्येक रिलेला वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच पाहिजे, हे मी आग्रहानं सांगतोय, कारण फ्यूज लांब लावला आणि अलीकडं वायर पत्र्याला घासली तर तो तुकडा कुणीच वाचवत नाही, बोनेटखाली आग लागते. अर्थ पण जाड वायरीनं दे, लोक प्लस जाड करतात आणि अर्थ तशीच बारीक ठेवतात.

एक गोष्ट आधी टेस्ट लॅम्पनं तपास. काही गाड्यांत, खास करून जपानी घडणीच्या, स्विच प्लस जोडत नाही तर मायनस जोडतो, म्हणजे कपलरला एक पिन कायम प्लस आणि डिपर-अप्परच्या पिना स्विचमधनं अर्थ होतात. तशा गाडीला बाजारातलं साधं तयार हार्नेस (रिले-वायरींचा जोडलेला संच) लावलं तर रिले ओढतच नाही आणि पोरं उगाच रिले खराब म्हणून बदलत बसतात. तिथं कॉईलची एक बाजू त्या प्लसला आणि दुसरी डिपरच्या पिनेला द्यायची, बस.

मूळ वायर कापू नकोस. जुना कपलर तसाच ठेवून त्यात नर कपलर बसवून सिग्नल घे, म्हणजे उद्या काही झालं तर पाच मिनिटांत मूळ अवस्थेत आणता येईल. बल्बचे होल्डर सिरॅमिकचे घे. रिले पिना खाली करून लाव, पाणी साठत नाही. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून ने आणि वरून नालीदार पाईप घाल. काम करताना बॅटरीचा मायनस काढलेला पाहिजे. झाल्यावर परत मल्टिमीटर लाव आणि आधीचं-नंतरचं रीडिंग वहीत लिहून ठेव, तो आकडा बघून जो आनंद होतो तो वेगळाच.

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी हॅचबॅकला ६००० केल्विनचे एलईडी बल्ब टाकले. गाडीपुढं एकदम लख्ख पांढरं दिसतं पण हायवेला लांबचं काही दिसत नाही आणि समोरचा प्रत्येक जण मला अप्पर मारतो, मी डिपरवर असून. पावसात तर लाईट लागलीय का नाही तेच कळत नाही. बल्ब खराब निघाले का? — वाचक, नाशिक

उत्तर : बल्ब खराब नसतील, ते चुकीच्या डूममध्ये बसलेत.

जुना हॅलोजन एच-फोर हातात घ्या आणि उजेडाकडं धरून बघा. दोन बारीक स्प्रिंगा दिसतील. पुढच्या स्प्रिंगच्या, म्हणजे डिपरच्या, खाली एक इवलीशी पत्र्याची वाटी दिसेल, तांदळाच्या दाण्याएवढ्या फिलामेंटला अर्धं झाकणारी. सगळी गंमत त्या वाटीत आहे. डिपरवर असताना ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, त्यामुळं रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड थोडी तिरकी असते, त्यानं डावीकडं उजेड जरा वर चढतो, म्हणजे आपल्या बाजूची कडा, पायी चालणारा माणूस, दगड दिसतो आणि उजवीकडनं येणाऱ्याच्या डोळ्यात जात नाही. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या फिलामेंटच्या जागेवरून मिलिमीटरमध्ये हिशोब करून केलेला असतो.

एलईडीत फिलामेंटच्या जागी एका पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात, पट्टीला जाडी असते, उजेड गोल सुटत नाही. जागा एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं झाली की झोत फुटतो, काही उजेड गाडीच्या नाकासमोर सांडतो आणि काही वर समोरच्याच्या डोळ्यात. नाकासमोर लख्ख पडलं की तुमच्या डोळ्याची बाहुली बारीक होते, त्यामुळं लांबचा अंधार आणखी काळा वाटतो. म्हणूनच तुम्हाला उजेड जास्त आणि दिसतं कमी.

काढून टाकायच्या आधी एकदा तपासा, बऱ्याच एलईडी बल्बची कॉलर फिरते. चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला बघत पाहिजेत. वर-खाली बसल्या असतील तर फिरवा आणि रात्री भिंतीवर बघा, वरची कड स्वच्छ रेघेसारखी दिसते का. नाही दिसली तर मनात काही न ठेवता हॅलोजन परत टाका. मागच्या पंख्यामुळं रबरी बूट, म्हणजे डूमच्या मागचं झाकण, बसत नाही म्हणून लोक तो काढून टाकतात, तुमच्याकडं तसं असेल तर आतापर्यंत डूममध्ये धूळ आणि ओल गेली असेल, ते पण बघा. एचआयडी, म्हणजे झेनॉन वायूच्या दिव्याच्या, किटचं तर बोलायलाच नको, ३५ वॅटच्या झेनॉनला हॅलोजनच्या दुपटीहून जास्त उजेड असतो, तो साध्या रिफ्लेक्टरमध्ये टाकणं म्हणजे समोरच्याला आंधळं करणं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे. कंपनीनं दिलेली मूळ स्पेसिफिकेशन, ज्यावर रजिस्ट्रेशन झालं, त्याच्या विरुद्ध बदल करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या १८२-अ कलमात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. जर्मनीत २०२० मध्ये ऑसरामच्या एका एलईडी बल्बला रस्त्यावर परवानगी मिळाली पण ती सुद्धा सरसकट नाही, कुठल्या गाडीच्या कुठल्या हेडलाईटमध्ये चालेल त्याची यादीच आहे, यादीत गाडी नसेल तर तिथंही चालत नाही. म्हणजे बल्ब आणि डूम ही जोडी तपासावी लागते, एकट्या बल्बचं काही सांगता येत नाही.

पावसाचं म्हणाल तर ओल्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढं निघून जातो, आपल्याकडं परत येतच नाही, त्यात निळसर पांढऱ्या उजेडात ओला रस्ता, चिखल, खड्डा सगळं एकाच रंगाचं दिसतं. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढा पिवळसर; हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास असतो, त्यात फरक कळतो. हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

प्रश्न : नमस्कार सर, आमची गाडी कायम बिल्डिंगबाहेर उन्हात असते. हेडलाईटची काच पिवळी पडून खरखरीत झालीय. नवीन डूमची किंमत ऐकून गप्प बसले. टूथपेस्टनं घासल्यावर चकचकीत झाली होती पण दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट. काही उपाय? — वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : ताई, उपाय आहे आणि तुम्ही घरीच करू शकाल. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असतं. त्यावर कंपनी उन्हापासून वाचवणारा एक पातळ थर देते, तो उन्हानं मरतो आणि पिवळा पडतो. टूथपेस्टनं तुम्ही वरवरचा पिवळेपणा काढलात पण सोबत उरलासुरला थर पण गेला, म्हणून प्लॅस्टिक उघडं पडलं आणि आणखी लवकर खराब झालं. आधीच्या मारुती ८०० सारख्या गाड्यांना खरी काच असायची, ती पिवळी पडायची नाही.

सकाळी सावलीत गाडी लावा. डूमभोवती रंगावर दोन पदर मास्किंग टेप लावा. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मागा, १०००, २००० आणि ३००० नंबरचे. बादलीत पाणी आणि थेंबभर शाम्पू. पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजू द्या, मग १००० नं आडव्या दिशेनं हलक्या हातानं घासा, पाणी सारखं मारत राहा. आधी पिवळं, हळदीच्या पाण्यासारखं काहीतरी निघेल, तो मेलेला थर. ते निघत राहतं तोवर घासा. पाणी पांढरं दुधासारखं यायला लागलं की थांबा, त्याच्या पुढं चांगलं प्लॅस्टिक जातंय. या वेळी काच धुरकट दिसेल आणि तुम्हाला वाटेल वाटोळं झालं, घाबरू नका. आता २००० नं उभ्या दिशेनं, आधीचे आडवे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत, मग परत आडवं ३००० नं. शेवटी रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन पॉलिश करा, पारदर्शक होईल.

पण इथं थांबलात तर परत दोन महिने. खरं काम वरच्या थराचं. त्याच दिवशी जवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं जा आणि दोन्ही डूमवर उन्हाला टिकणारा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारून घ्या. घरी मारू नका, हार्डनर मिसळलेल्या क्लिअरचा फवारा छातीत जाणं वाईट, त्याला योग्य मास्क आणि मोकळी जागा लागते. तुमच्याकडं खारा वारा आणि ऊन दोन्ही, तरी असा क्लिअर बराच टिकतो.

आणि एक, पिवळेपणा आतनं असेल किंवा आतला आरसा मंद पडला असेल तर बल्बच्या भोकातनं कापड घालून पुसायला जाऊ नका. तो आरसा म्हणजे ॲल्युमिनियमची नखाएवढी सुद्धा जाडी नसलेली झिलई असते, कापडाबरोबर निघून येते. मग डूमच बदलावा लागतो.

प्रश्न : फोकस घरी सेट करता येतो का? मेकॅनिक नुसता स्क्रूड्रायव्हर फिरवून झालं म्हणतो. — वाचक, सोलापूर

उत्तर : येतो, आणि तुम्हीच केलेला चांगला. सपाट जमीन आणि समोर भिंत पाहिजे, शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाचं पार्किंग काहीही. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर कुणीतरी बसवा, डिकीतलं सामान काढा. डॅशबोर्डवर हेडलाईट वर-खाली करायचं चक्र असेल तर ते शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही हेडलाईटच्या मध्यावर खडूनं खुणा करा, मग सरळ मागं या, बरोबर १० मीटर.

डिपर लावा. एका हेडलाईटवर कापड टाकून एकेक बघा. उजेडाची वरची सपाट कड खुणेच्या १० सेंटीमीटर खाली पाहिजे, म्हणजे शंभराला एक असा उतार. जिथून कड डावीकडं वर चढते तो कोपरा खुणेच्या सरळ खाली. डूमच्या मागं दोन स्क्रू असतात, एकानं वर-खाली, एकानं डावं-उजवं. अर्धा अर्धा वेढा फिरवा आणि बघा, घाई नको. वर घेतला की लांबचं दिसतं म्हणून लोक वर घेतात, तो सगळा समोरच्याच्या डोळ्यात जातो.

पंढरपूरला माणसं आणि सामान भरून निघालात तर मागची बाजू बसते आणि नाक वर होतं, तेव्हा ते चक्र दोन-तीनवर घ्या. बऱ्याच लोकांच्या गाडीत ते असतं आणि कशासाठी आहे ते माहीतच नसतं.

प्रश्न : एकच बल्ब गेला तर दोन्ही बदलायचे का? बोट लावू नये म्हणतात ते खरं का? — वाचक, जालना

उत्तर : दोन्ही खरं. दुसरा तेवढाच जुना आहे, तो पण मागोमाग जातो आणि तोवर दोन बाजूंचा उजेड वेगळा दिसतो. जुना चांगला असेल तर डिकीत ठेवा, रात्री उपयोगी पडेल. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की तिथं जास्त तापतं आणि बल्ब अकाली जातो, चुकून लागलं तर स्पिरिटनं पुसा.

प्रश्न : पावसाळ्यात माळशेजला जातो, धुक्यात पिवळा फॉग लॅम्प लावावा का? — वाचक, कल्याण

उत्तर : लावा, फक्त कंपनीनं बंपरमध्ये जिथं जागा दिलीय तिथंच. पिवळा उजेड धुकं फोडून जातो असं सगळे म्हणतात, ते तसं नाही, धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सगळेच रंग सारखे विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्यामुळं डोळ्याला कमी चमकतं एवढंच. फॉग लॅम्पचा फायदा त्याच्या रंगात नाही, जागेत आहे, तो खाली असतो आणि झोत चपटा, रुंद असतो, धुक्याच्या खालनं रस्त्याची कड दाखवतो. अप्पर लावलात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही वळताय का थांबलाय काही कळत नाही.

प्रश्न : दादा, आमची बोलेरो आहे. आता उसाचा हंगाम सुरू होईल, रात्री कारखान्याच्या रस्त्यानं सगळ्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या. मागच्या वर्षी आमच्या गावातला एक पोरगा मागनं धडकून गेला. बंपरवर एलईडीचा लाईट बार लावायचं ठरवलंय, कुठला चांगला? — वाचक, शिरोळ

उत्तर : वाचून फार वाईट वाटलं. आमच्या भागातही दर हंगामात असं होतं आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

लाईट बार लावू नकोस. त्याला डिपर नसतो, नुसता उजेडाचा लोट, आणि उसाच्या रस्त्याला समोरून सारखी वाहनं, तुला तो सारखा बंद करावा लागणार, आणि बंद केल्यावर दिपलेल्या डोळ्याला पुढची दोन-चार सेकंद काहीच दिसणार नाही, नेमकी तेव्हाच ट्रॉली येते. एखाद्या वेळी बंद करायला विसरलास तर समोरचा मोटारसायकलवाला रस्त्याखाली जाईल.

त्यापेक्षा हा हिशोब बघ. चांगल्या डिपरमध्ये काळपट, बिनदिव्याची वस्तू साधारण ५० मीटरवर ओळखू येते. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसलं, कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धर, २५ मीटर गेले. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० ते २५. म्हणजे ६० ला तू जेमतेम ट्रॉलीच्या अलीकडं थांबतोस. ८० ला हाच आकडा ७० मीटर किंवा त्याच्याही पुढं जातो, म्हणजे थांबायच्या आधीच तू तिच्यात आहेस. लाईट बार लावून पोरं स्पीड वाढवतात आणि मिळालेलं अंतर परत घालवतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. त्या रस्त्याला पन्नासच्या वर जाऊ नको, आणि समोरून लाईट आली की आणखी कमी कर, कारण ट्रॉली कायम त्या लाईटच्या आडच असते.

बोलेरोचे डूम साफ कर, अर्थ बघ, रिले लाव, ६०/५५ चे नवीन बल्ब टाक, फोकस भिंतीवर सेट कर, वर सांगितलंय तसं. पुढची काच आतनं पण पूस, आतल्या बाजूला जो धुरकट थर बसतो त्यानं समोरची लाईट पसरते आणि सगळं झाकून टाकते. वायपरचं रबर बदल.

आणि तुमच्या घरात किंवा गल्लीत ज्याचा ट्रॅक्टर असेल त्याच्याकडं उद्याच जा. लाल रेडियमची रुंद पट्टी मिळते. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर आडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाव, चिखल आणि ग्रीस रॉकेलनं पुसून, वाळवून मगच, नाहीतर दोन दिवसांत निघते. ऊस बाहेर लोंबून फाळका झाकला जातो म्हणून तेवढ्यावर भागत नाही, ट्रॉलीच्या मागच्या चॅसीवर खाली दोन्ही कोपऱ्यांना आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या वर सुद्धा लाव. दोन ट्रॉल्या जोडून जात असतील तर दोन्हींना. हंगाम चालू असताना आठवड्यातनं एकदा ओल्या फडक्यानं पुसायला ड्रायव्हरला सांग, धुळीनं भरली की ती चमकत नाही. तुझ्या साध्या डिपरमध्ये ती पट्टी दीडशे मीटरवरून लाल पेटलेली दिसेल.